अ‍ॅड्रिनलच्या ऑपरेशननंतर क्रिएटिनिन वाढलं, पाणी किती प्यावं?

लिंबोणी

नमस्कार. नाशिकहून लिहितेय. प्रश्न माझ्या यजमानांबद्दल आहे, वय ५२. आधीची हकीकत थोडी सविस्तर सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

यांना अडतिशीतच बीपी निघालं. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी वरचा आकडा १६० च्या खाली टिकायचा नाही. पोटॅशियम कायम ३ च्या आसपास. पायात गोळे यायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, रात्री लघवीला वारंवार उठावं लागायचं आणि उशाशी पाण्याची बाटली लागायचीच. कामाचा ताण, वय, बैठं काम अशी कारणं ऐकत वर्षं गेली. शेवटी एका एन्डोक्रायनॉलॉजिस्टनी (संप्रेरकांच्या डॉक्टरांनी) अल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासायला लावलं आणि कॉन सिंड्रोम, म्हणजे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनण्याचा आजार, निघाला. सीटी स्कॅनमध्ये डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत १.६ सेंटिमीटरची गाठ दिसली. मग मुंबईला जाऊन दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त घेण्याची तपासणी केली, दोष डावीकडेच आहे हे पक्कं झालं आणि दुर्बिणीतून डावी ग्रंथी काढली.

बीपीचं म्हणाल तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. १२६/८०, तेही टेल्मिसार्टन या बीपीच्या एकाच गोळीवर. पोटॅशियमचं औषध आणि स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला रोखणारी गोळी) दोन्ही बंद झालं. पण क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ घटक) ऑपरेशनआधी १.० होतं ते आता १.४ आलंय. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, ९१ चा ६० झालाय. आम्ही ऑपरेशन बीपी आणि किडनी दोन्ही वाचवण्यासाठी केलं आणि किडनीचाच आकडा खाली आला, म्हणून घरात सगळे हबकलेत.

डॉक्टरांनी सांगितलं, "हे अपेक्षित आहे. पाणी नीट प्या, मीठ तोडू नका, आठवड्याने रक्त पुन्हा तपासू." ओपीडीत गर्दी होती, पुढचं विचारता आलं नाही. आता दीर म्हणतात रोज पाच लिटर पाणी पाजा, किडनी धुऊन निघेल. सासूबाईंनी रोज दोन शहाळी सुरू केलीत. यांची लघवी ऑपरेशनआधीपेक्षा बरीच कमी झालीय, रात्री उठतही नाहीत, त्यामुळे किडनी काम करत नाही की काय अशी भीती सगळ्यांना वाटतेय. त्यात बाहेर एवढं ऊन.

पाणी वाढवून किडनी सुधारते का? नक्की किती द्यावं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

पारिजात

लिंबोणी ताई, आधी काळजी कमी करा. तीस वर्षं बीपीचा त्रास असलेले माझे वडील सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि दिवसभरात चार लिटर हा नेम पाळतात, त्यांचं क्रिएटिनिन आजही उत्तम आहे. सातूचं पाणी, धन्याचं पाणीही द्या. शहाळं तर या उन्हात सगळ्यात चांगलं.

दगडूवाट

मला मुतखड्याचा त्रास. डॉक्टरांनी दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं आणि खडा परत झाला नाही. त्यामुळे पाण्याचा उपयोग होतो हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. अ‍ॅड्रिनलचं मात्र माहीत नाही.

मीनाक्षी_सातारा

ग्रंथी काढली म्हणजे त्या बाजूची किडनीही काढतात का? एकाच किडनीवर असतील तर पाण्याचा हिशोब वेगळा असेल ना?

दवबिंदू

मी नेफ्रॉलॉजी (किडनीच्या) विभागात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा, कारण रिपोर्ट त्यांच्या हातात आहेत.

मीनाक्षी, किडनी काढत नाहीत. अ‍ॅड्रिनल ही किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, चार-पाच ग्रॅमची वेगळी ग्रंथी आहे. लिंबोणी ताईंच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या जागेवर आहेत.

आता क्रिएटिनिन का वाढलं ते. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकतं. गाठ वर्षानुवर्षं ते जास्त बनवत राहिली की अंगात मीठ आणि पाणी जास्त साठतं, बीपी चढतं आणि किडनीच्या गाळण्यांवर आतून दाब येतो. जास्त दाबाखाली गाळणी जास्त गाळते. म्हणजे क्रिएटिनिनही जास्त बाहेर जातं आणि रक्तातला आकडा छान दिसतो. तो ९१ चा ईजीएफआर दाबाने फुगवलेला होता. आतल्या काही गाळण्या एवढ्या वर्षांत झिजून गेल्या असतील, पण उरलेल्या दुप्पट राबत असल्यामुळे ते रिपोर्टवर उमटत नव्हतं. गाठ काढली, दाब उतरला आणि किडनीची खरी ताकद समोर आली. ऑपरेशनने किडनी बिघडवली नाही. आधीच झालेलं नुकसान झाकलेलं होतं, ते उघडं पडलं.

ही घसरण बहुतेकांमध्ये पहिल्या काही दिवसांत ते महिन्याभरात होते आणि मग आकडा स्थिरावतो. वय जास्त, बीपी बरीच वर्षं जुनं, आधीचं पोटॅशियम फार कमी, अल्डोस्टेरॉन फार वाढलेलं किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, अशांमध्ये ती जास्त दिसते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत यातल्या निदान दोन गोष्टी आहेत. १.० वरून १.४ हे मला अनपेक्षित वाटत नाही. पण ते १.४ च्या आसपास थांबतंय की चढत चाललंय, हे बघायलाच हवं. म्हणूनच आठवड्याची तपासणी चुकवू नका.

>> पाणी वाढवून किडनी सुधारते का? <<

गाळणीवरचा जादा दाब गेल्यामुळे उतरलेला आकडा पाण्याने वर येणार नाही, आणि तो वर आणण्याची गरजही नाही. तो दाबच किडनीचा शत्रू होता. पाण्याचं काम एकच, अंग कोरडं पडू द्यायचं नाही. कारण कोरडं पडलं तर या १.४ वर दुसरा खरा धक्का बसतो आणि मग कुठला भाग ऑपरेशनचा, कुठला कोरडेपणाचा, हे कळेनासं होतं.

टोरांटोकर

दवबिंदू यांनी लिहिलंय त्याला जोड. आमच्या ओंटारिओत याच प्रश्नावर मोठा प्रयोग झाला, २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या टप्प्याचा किडनीचा आजार असलेले ६३१ रुग्ण. अर्ध्यांना पाणी वाढवायला शिकवलं, वर्षभर पाठपुरावा केला. अर्ध्यांना नेहमीइतकंच प्या म्हणून सांगितलं. वर्षाच्या शेवटी ईजीएफआर पहिल्या गटात सरासरी २.२ ने उतरला होता आणि दुसऱ्यात १.९ ने, म्हणजे फरक नाहीच. मी स्वतः किडनीचा रुग्ण आहे. हा निष्कर्ष वाचल्यावर मी बाटल्या मोजणं सोडलं आणि बीपी मोजण्याकडे लक्ष दिलं.

दगडूवाट

मग माझं मुतखड्याचं कसं?

दवबिंदू

तुमचं बरोबरच आहे. खडा होतो लघवीतल्या क्षारांची दाटी वाढल्यामुळे, आणि पाण्याने लघवी पातळ होते. इटलीतल्या एका जुन्या अभ्यासात (१९९६) भरपूर पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. त्यामुळे खड्याच्या रुग्णाने पाणी वाढवावंच. पण गाळणीची ताकद कमी होणं हा वेगळा आजार आहे. आपल्याकडे किडनीचा प्रत्येक त्रास पाण्यावर नेऊन टेकवतात, आणि त्यामुळे ज्याचं हृदय कमकुवत आहे किंवा पायावर सूज आहे अशा माणसालाही लोक लोटेच्या लोटे पाजतात. मला हे वॉर्डात सतत दिसतं आणि फार वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

लिंबोणी ताई, मी स्वतः यातून गेलोय. उजवी ग्रंथी काढली त्याला आता काही वर्षं झाली. तुमच्या पोस्टमधला सगळ्यात काळजीचा शब्द मला क्रिएटिनिन वाटला नाही. शहाळं वाटला.

ऑपरेशनआधी आपलं पोटॅशियम कमी असतं, म्हणून आपण वर्षानुवर्षं शहाळी, केळी, मोसंबी, पोटॅशियमचं कडू औषध असं सगळं घेत असतो. घरच्यांच्या हातालाही ती सवय लागलेली असते. ऑपरेशननंतर गणित पूर्ण उलटं होतं. माझी राहिलेली डावी ग्रंथी इतकी वर्षं झोपून होती, कारण गाठ तिच्या वाट्याचंही काम करत होती. ती जागी व्हायला वेळ लागतो. तोवर अंगात अल्डोस्टेरॉन जवळजवळ नाही. पोटॅशियम बाहेर जात नाही आणि मीठ मात्र गळत राहतं.

माझं पोटॅशियम ५.८ वर गेलं. काही जाणवत नव्हतं, फक्त उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी ईसीजी काढला, फ्लुड्रोकॉर्टिसोनची (अल्डोस्टेरॉनचं काम करणारी) गोळी सुरू केली, जेवणातलं मीठ वाढवायला सांगितलं. काही महिन्यांत ग्रंथी कामाला लागली आणि गोळी बंद झाली. क्रिएटिनिन १.३ ला थांबलं ते आजतागायत तिथेच आहे.

पारिजात

कृष्णाकाठ, हे मला अजिबात माहीत नव्हतं. शहाळ्याचं मी सुचवलं होतं, ते लिंबोणी ताईंनी कृपया धरू नये. पण मग धन्याचं पाणी, सातूचं पाणी?

दवबिंदू

पारिजात, धन्याचं किंवा सातूचं पातळ गाळलेलं पाणी माफक प्रमाणात घ्यायला हरकत नाही. त्याने किडनी बरी होणार नाही, एवढंच.

कृष्णाकाठ यांनी मुद्द्याचं लिहिलंय. अशा रुग्णांपैकी साधारण ५ टक्क्यांना फ्लुड्रोकॉर्टिसोन लागेल इतकं पोटॅशियम चढतं. २०१६ च्या एन्डोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: पहिले चार आठवडे दर आठवड्याला पोटॅशियम तपासा, आणि पहिले काही आठवडे आहारात मीठ सढळ ठेवा. ज्या माणसाला आयुष्यभर मीठ तोडायला सांगितलं त्याला आता मीठ खा म्हटलं की घरचे ऐकत नाहीत, त्यांना वाटतं डॉक्टर चुकून बोलले. लिंबोणी ताई, तुमचे डॉक्टर चुकून बोललेले नाहीत.

आता पाच लिटरबद्दल. मीठ लघवीतून गळतंय, बीपीच्या जुन्या सवयीने घरात अळणी जेवण चालू आहे, आणि वरून पाच लिटर साधं पाणी. अंगातलं मीठ कमी झालं की शरीर पाणी रोखून ठेवणारं संप्रेरक सोडतं, म्हणजे ते जादा पाणी लघवीतून सहज बाहेर पडत नाही. रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त होतो. फारच उतरलं तर गोंधळतो, बरळतो, झटकेही येऊ शकतात. वयस्कर माणसांत हे लवकर होतं. म्हणजे पाच लिटरने फायदा शून्य आणि धोका खरा.

शहाळ्याबरोबर आणखी काही गोष्टी आत्ता बंद ठेवा. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ विकत मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. तुमच्या घरात बीपीमुळे तोच डबा असण्याची शक्यता मोठी आहे, आजच बघा. ओआरएसची पुडी ऊन लागलं म्हणून सहज दिली जाते, तिच्या एका लिटरमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. जुलाब झाले तर ती गोष्ट वेगळी, पण रोजचं पेय म्हणून नको. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने देऊ नका, ती किडनीचा रक्तपुरवठाही कमी करतात आणि पोटॅशियमही चढवतात. लघवीच्या जंतुसंसर्गावर कोट्रायमॉक्साझोल कुणी लिहून दिलं तर ऑपरेशनचं सांगा, त्यानेही पोटॅशियम वाढतं. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं. ते स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत हा प्रश्न नक्की विचारा.

रानजाई

मी आहारतज्ज्ञ आहे, आकडे देते. एका शहाळ्यात पाण्याच्या प्रमाणानुसार ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. दोन शहाळी म्हणजे हजाराच्या पुढे. केळ्यात १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर. त्यामुळे "नैसर्गिक आहे, काय होतंय" हा विचार सध्या बाजूला ठेवा.

पातळ काय द्यायचं तर मीठ घातलेली भाताची पेज. कोकणात तापातून उठलेल्या माणसाला हीच देतात. तिच्यात पाणी आहे, मीठ आहे आणि पोटॅशियम फारच थोडं. लिंबू सरबत मीठ-साखर घालून चालेल. कोकम सरबतही चालेल. ताक एखादा पेला, मीठ घालून. पालेभाज्या आणि बटाटा खायचाच असेल तर बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं. डाळीचं कट, टोमॅटोचं सार, सुक्या मेव्याचे लाडू, खजूर थोडे दिवस थांबवा. ऑपरेशनवाल्या माणसाला ताकद यावी म्हणून आपण नेमके हेच पदार्थ करतो.

हे सगळं पोटॅशियमचा रिपोर्ट बघून सैल करायचं आहे, कायमचं नाही.

लिंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. डबा बघितला. कमी सोडियमवालंच मीठ होतं. बाजूला काढलं. शहाळी बंद केली, सासूबाईंना कृष्णाकाठ यांची पोस्ट वाचून दाखवली, त्यांनी लगेच मान्य केलं.

दवबिंदू, लघवी कमी झाल्याचं मात्र अजून मनातून जात नाही. आधी दिवसाला तीन-साडेतीन लिटर व्हायची (दवाखान्यात मोजली होती). आता दीडच्या थोडी वर. रात्री सलग झोपतात. हे वाईट लक्षण नाही ना?

दवबिंदू

हे चांगलं लक्षण आहे, आणि या धाग्यावर मला सगळ्यात समाधान याच ओळीने दिलं.

पोटॅशियम बराच काळ कमी राहिलं की किडनीची लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते. मग ती पातळ आणि भरपूर होते, रात्री उठावं लागतं, आणि गेलेलं पाणी भरून काढायला तहान लागते. उशाशी बाटली त्यामुळे होती. तुमचे यजमान जास्त पाणी पीत होते म्हणून लघवी जास्त होत नव्हती. लघवी जास्त होत होती म्हणून ते पाणी पीत होते. आता पोटॅशियम जागेवर आल्यावर किडनी पुन्हा घट्ट लघवी करायला शिकतेय. तहान कमी होणार, लघवी कमी होणार, झोप लागणार. दीड लिटर ही निरोगी माणसाची लघवी आहे. अशा वेळी जुन्या सवयीने तेवढंच पाणी पाजत राहिलं तर सोडियम उतरण्याचा धोका मी वर सांगितलाच.

चिंता केव्हा करायची? दिवसभरात अर्धा लिटरही झाली नाही, गडद झाली, तोंड कोरडं पडलं, किंवा पायावर-चेहऱ्यावर सूज आली तर.

मिशिगनवासी

मी अ‍ॅन आर्बरला राहतो. ज्यांच्या नावाने हा सिंड्रोम ओळखतात ते डॉ. जेरोम कॉन इथल्याच मिशिगन विद्यापीठात होते. १९५४ मध्ये त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक रुग्ण आली होती, तिच्या तक्रारींची यादी वाचली तर लिंबोणी ताईंच्या पहिल्या पोस्टसारखीच आहे: स्नायूंची कमजोरी, हातापायाला पेटके, बीपी, आणि सतत तहान व भरपूर लघवी. अल्डोस्टेरॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कॉननी तिच्या ग्रंथीत दोष असणार असा अंदाज बांधला, डिसेंबरमध्ये पोट उघडलं तर उजव्या ग्रंथीत गाठ निघाली. तहान हे पहिल्या रुग्णापासूनचं लक्षण आहे. आजही बीपी आणि कमी पोटॅशियम एकत्र दिसूनही ही तपासणी वर्षानुवर्षं होत नाही याची खंत वाटते.

चिंचवन

माझ्या बहिणीचीही अ‍ॅड्रिनलची गाठ काढली, पण तिला सगळं वेगळं सांगितलंय. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत, पोटॅशियमचं कुणी काही बोललं नाही. हा सल्ला तिलाही लागू होईल का?

दवबिंदू

नाही, आणि बरं झालं विचारलंत. तिची गाठ बहुधा कॉर्टिसॉल बनवणारी असेल (कुशिंग). तिथे उरलेली ग्रंथी झोपलेली असते ती कॉर्टिसॉलच्या बाबतीत. तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळी एक दिवसही चुकवू नये आणि ताप, उलट्या, दात काढणं, दुसरं ऑपरेशन अशा वेळी डोस कसा वाढवायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर वाट न बघता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. तिसरा प्रकार फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं बनवणारी गाठ), त्यात मीठ-पाण्याची मुख्य तयारी ऑपरेशनच्या आधी, अल्फा-ब्लॉकर गोळ्यांबरोबर करतात. त्यामुळे कुणाचाही सल्ला घेण्याआधी गाठ कोणत्या संप्रेरकाची होती ते फाईलमध्ये बघा.

मीनाक्षी_सातारा

मग शेवटी लिंबोणी ताईंनी किती पाणी द्यायचं? आकडा सांगाल का?

दवबिंदू

हृदयाचा त्रास नाही, सूज नाही असं धरून सांगते. चहा, ताक, आमटी, पेज सगळं मिळून दिवसाला दोन ते अडीच लिटर. नाशिकचं ऊन असेल, घाम गाळला असेल तर अर्धा-पाऊण लिटर वर, आणि त्यातलं काही मीठ घातलेलं. तहान लागली की प्यावं, लागली नसताना घड्याळ लावून पिऊ नये. लघवी फिकट पिवळी असली की बस, पाण्यासारखी पांढरी दिसण्याची गरज नाही.

पाण्याच्या वहीऐवजी दुसरी वही ठेवा. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन. बसून बीपी, मग उभं राहून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बीपी. उभ्याने वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, किंवा वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने घटलं तर अंगातलं मीठ-पाणी कमी पडतंय. तेव्हा फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नये, घरून नेलेला नमुना तासन् तास पडून राहू नये. पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं चढलेलं दिसतं. तरीही ६ च्या वर आकडा आला तर खोटा असेल म्हणून घरी थांबायचं नाही. ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच वेळी जायचं.

लिंबोणी

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.४ च आहे. सोडियम १३४, पोटॅशियम ५.४. उभं राहिल्यावर बीपी १२६ वरून ११० ला येतं, थोडी चक्कर. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी ती नीट वाचली. टेल्मिसार्टन थांबवून अ‍ॅम्लोडिपिनची लहान गोळी दिली, तीही बीपी १३० च्या वर राहिलं तरच. मीठ सढळ, शहाळी बंद, हे त्यांनीही सांगितलं. फ्लुड्रोकॉर्टिसोन आत्ता नको, पुढच्या रिपोर्टवर ठरवू म्हणाले. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासायला दिलंय.

आता पुढचं. हे दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतात. यंदाही आळंदीपासून जायचं म्हणतात. वारी अजून लांब आहे, पण मन आत्तापासून तिकडे लागलंय, आणि मला नाही म्हणवत नाही. शिवाय हे एकादशीही करतात.

कृष्णाकाठ

ताई, त्यांची ओढ समजते. मी ऑपरेशनच्या वर्षी गेलो नाही, पुढच्या वर्षी गेलो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, दमट हवा, दिवे घाट, आणि वाटेत प्रत्येक जण प्रेमाने हातात केळं आणि सरबत ठेवतो. पोटॅशियम स्थिर झालेलं नसेल तर पूर्ण वारी नको. स्थिर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर पुणे ते सासवड एवढा टप्पा करता येईल. रक्त तपासूनच निघायचं, पिशवीत साधं मीठ आणि लिंबू ठेवायचं, आणि सोबत कुणीतरी असं हवं ज्याला हे सगळं माहीत आहे.

रानजाई

एकादशीचं मी सांगते, कारण इथेच गफलत होते. बटाटा, रताळं, केळी, खजूर, शेंगदाणे, राजगिरा, नारळ, या सगळ्यात पोटॅशियम भरपूर. म्हणजे आपलं उपवासाचं ताट म्हणजे त्यांनी सध्या टाळायच्या पदार्थांचंच ताट. निर्जळी तर नकोच. सैंधव चालतं का असं विचाराल. ते बहुतांशी सोडियमचंच मीठ आहे, चालेल. भगर चालेल, साबुदाणा दाण्याच्या कुटाशिवाय चालेल, वर मीठ घातलेलं ताक. बटाट्याच्या भाजीची सवय असेल तर चिरून उकळून पाणी टाकलेला थोडासाच.

लिंबोणी

साबुदाण्याची पेज केली होती मागे एकदा, मीठ-जिरं घालून, ती यांना आवडली होती. तीच करेन. पूर्ण वारी यंदा नाही, हे यांनी आज स्वतःहून मान्य केलं. सासवडपर्यंतचं डॉक्टरांना विचारणार. पुढचं रक्त सोमवारी आहे, अल्ब्युमिनचा रिपोर्टही तेव्हाच मिळेल. दोन्ही आकडे इथे टाकते. दवबिंदू, तेव्हा एक नजर टाकाल ना?

दवबिंदू

नक्की. सोडियमही त्याच नमुन्यात तपासायला सांगा, आणि त्या दिवसाची वजनाची नोंद सोबत टाका.